अडगळीत ठेवलेले जपले जाते का?

पत्राचा सारांश: पत्रलेखक पन्नाशी ओलांडलेले गृहस्थ आहेत. घराला लागून असलेल्या त्यांच्या गॅरेजमध्ये गेल्या कित्येक वर्षांत गाडी उभी राहिलेली नाही. वडिलांची सुतारकामाची हत्यारे, रंगाचे अर्धवट डबे, थिनरच्या बाटल्या, पेट्रोलचा कॅन, मुलीची जुनी सायकल, बंद पडलेला फ्रीज, गाद्या, जुने टायर, कागदपत्रांची आणि फोटोंची खोकी असे सगळे तिथे साठले आहे. वडिलांना जाऊन तीन वर्षे झाली, पण त्यांची हत्यारांची पेटी अद्याप उघडलेली नाही. दोनदा त्यांनी आवरायला घेतले आणि दोन्ही वेळा संध्याकाळी सगळे होते तसे आत ठेवून दार लावले. पत्नीचे म्हणणे, एक टेम्पो बोलावून सरसकट सगळे देऊन टाकावे. पत्रलेखकांना तो वडिलांचा अपमान वाटतो. दोन महिन्यांनी त्यांची मुलगी दोन वर्षांच्या नातवाला घेऊन काही दिवस राहायला येणार आहे. ते विचारतात, कोणत्या मांडण्या आणि कोणत्या पेट्या घेतल्या म्हणजे काहीही न टाकता सगळे नीट बसेल? आणि पत्नीला कसे समजवावे?

सप्रेम नमस्कार.

तुमच्या दोन्ही प्रश्नांची उत्तरे मी देणार आहे, पण त्यांचा क्रम बदलून, कारण मांडण्यांचा प्रश्न मला सर्वांत शेवटचा वाटतो. काय ठेवायचे हे ठरण्याआधी घेतलेली मांडणी पसारा कमी करत नाही, जमिनीवरचा पसारा फक्त भिंतीवर चढवते. तुमच्या पत्रात ‘काहीही न टाकता’ हे शब्द तीन वेळा आले आहेत आणि नातवाचा उल्लेख मात्र अगदी शेवटच्या ओळीत, जाता जाता आला आहे. मी तो पहिल्या ओळीत आणू इच्छितो.

त्याआधी एका समजुतीविषयी बोलू. तुम्ही असे धरून चालला आहात की वस्तू गॅरेजमध्ये आहे म्हणजे ती जपलेली आहे. पण राहत्या घराच्या मानाने गॅरेज ही वस्तूंसाठी फार कठोर जागा असते. तिथे दिवसा ऊन तापते आणि रात्री गारवा उतरतो, जमिनीतून ओल वर येते, दाराखालच्या फटीतून धूळ, पाणी आणि उंदीर आत येतात. हवेतील सापेक्ष आर्द्रता बराच काळ साठ-पासष्ट टक्क्यांच्या वर राहिली की कागदावर, कापडावर आणि चामड्यावर बुरशी धरू लागते. गार पडलेल्या लोखंडाला दमट हवा लागली की त्यावर दव जमते आणि तिथून गंज सुरू होतो. तीन वर्षे न उघडलेल्या पेटीत वडिलांच्या रंध्याचे आणि पटाश्यांचे काय झाले असेल, हे तुम्हालाही ठाऊक नाही, आणि मला वाटते, तेच पाहण्याची धास्ती हे पेटी न उघडण्याचे एक कारण असावे. ही धास्ती मी समजू शकतो. पण ज्या वस्तू तुम्हाला सर्वांत प्रिय आहेत त्या घरातल्या सर्वांत वाईट जागी पडून आहेत, ही वस्तुस्थिती तिने बदलत नाही.

तुमचे दोन्ही प्रयत्न का फसले, याचे उत्तरही तुमच्याच पत्रात आहे. दोन्ही वेळा तुम्ही सुरुवात वडिलांच्या कोपऱ्यापासून केली आणि दोन्ही वेळा सगळे एका दिवसात संपवायचे ठरवले. सर्वांत अवघड निर्णय सर्वांत आधी घ्यायला बसले की माणूस दुपारपर्यंत थकतो, आणि थकलेल्या माणसाला सगळे परत आत ठेवणे एवढेच सुचते. म्हणून क्रम उलटा करा. आधी ज्यांच्यापासून धोका आहे त्या वस्तू, मग ज्यांच्याविषयी कोणालाच काही वाटत नाही त्या, मग ज्यांचा निर्णय दुसऱ्याने घ्यायचा आहे त्या, आणि सर्वांत शेवटी आठवणींच्या वस्तू. दोन महिने हातात आहेत. आठवड्याला दोन-अडीच तास दिले तरी पुरतील, पण पहिला टप्पा मात्र याच आठवड्यात उरका.

पेट्रोलच्या कॅनपासून सुरुवात करा. पेट्रोलची वाफ उणे ४० अंश सेल्सिअसच्या आसपासच्या थंडीतही पेट घेऊ शकते, म्हणजे कोणत्याही ऋतूत ती निर्धोक नसते. शिवाय ही वाफ हवेपेक्षा जड असल्यामुळे वर उडून न जाता जमिनीलगत पसरत जाते आणि बऱ्याच अंतरावरच्या ठिणगीपर्यंत पोहोचू शकते. ती ठिणगी गॅस गिझरच्या ज्योतीची असेल, ड्रिल मशीनची असेल, नाहीतर नुसत्या दिव्याच्या बटणाची. झाकण सैल झालेला एक जुना कॅन बंद गॅरेजमध्ये काय करू शकतो, हे यावरून लक्षात येईल. काही महिन्यांत पेट्रोल शिळे होऊन इंजिनासाठीही निरुपयोगी ठरते, तेव्हा ‘कधीतरी लागेल’ हा विचार इथे लागूच पडत नाही. मात्र ते गटारात, मातीत किंवा संडासात ओतू नका. घरातला घातक कचरा स्वीकारणारी जी काही व्यवस्था तुमच्या भागात असेल तिच्याकडे चौकशी करून, मूळ कॅनमध्येच, झाकण घट्ट लावून ते पोहोचवा. थिनर, टर्पेंटाइन, तैलरंग आणि इंजिनातून काढलेले जुने तेल यांनाही हाच नियम लावा.

सुतारकाम करणाऱ्याच्या कोपऱ्यात आणखी एक गोष्ट हमखास सापडते, ती म्हणजे लाकडाला जवसाचे तेल लावून बाजूला टाकलेल्या चिंध्या. हे तेल वाळताना हवेतील प्राणवायूशी संयोग पावते आणि त्या क्रियेत उष्णता निर्माण होते. चिंध्यांचा बोळा करून ठेवला तर ती उष्णता आतच कोंडते आणि काडी न लावताही बोळा पेट घेऊ शकतो. धोका असतो तो ताज्या, ओल्या चिंध्यांचा. जुन्या सापडल्या तर पाण्यात भिजवून, झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात घालून बाहेर काढा. पुढे कधी असे तेल वापराल तेव्हा चिंधी उघड्यावर एकपदरी पसरून पूर्ण वाळू द्या आणि मगच टाका. हे मी मुद्दाम सविस्तर लिहितो आहे, कारण हत्यारे साफ करताना तुम्हाला याचा उपयोग होणार आहे.

बाटल्यांच्या बाबतीत दोन गोष्टी सांभाळा. पहिली म्हणजे, ज्या बाटलीवर नाव नाही ती उघडून वास घेऊ नका आणि एका बाटलीतले उरलेले दुसरीत ओतून जागा वाचवू नका. ब्लीच आणि फरशी साफ करण्याचे ॲसिड एकत्र आले की क्लोरीन वायू तयार होतो. ब्लीच आणि अमोनिया एकत्र आले की तयार होणारे वायूही फुप्फुसांना तितकेच घातक असतात. म्हणून हे पदार्थ एकाच फळीवर शेजारी शेजारी ठेवू नयेत, आणि प्रत्येकाखाली वेगळा ट्रे असावा, म्हणजे एखादी बाटली गळली तरी दोन द्रवांची गाठ पडणार नाही. दुसरी गोष्ट म्हणजे, कीटकनाशक किंवा रॉकेल शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत भरून ठेवण्याची सवय अनेक घरांत असते. दोन वर्षांच्या मुलाला बाटलीचा आकार ओळखता येतो, आतले द्रव्य ओळखता येत नाही. गाडीच्या रेडिएटरमध्ये घालायच्या कुलंटची चव तर गोड असते, आणि त्यातले इथिलीन ग्लायकॉल थोडेसे पोटात गेले तरी लहान मुलांच्या आणि पाळीव प्राण्यांच्या जिवावर बेतू शकते. ‘उंचावर ठेवले आहे’ एवढे पुरेसे समजू नका, मुले चढतात. जे रसायन ठेवणे खरोखर गरजेचे आहे ते मूळ डब्यातच, कुलूप लागेल अशा कपाटात ठेवा.

बंद पडलेला फ्रीज बाहेर जाईपर्यंत एक दिवसही दारासकट ठेवू नका. लपाछपी खेळताना मुले आत शिरतात आणि हवा न मिळाल्याने गुदमरतात. बिजागऱ्यांचे स्क्रू काढून दार आजच उतरवा. त्याच्या मागच्या नळ्या मात्र कापू नका, आतला वायू काढून घेण्याचे काम इलेक्ट्रॉनिक कचरा घेणाऱ्यांकडे सोपवा. जुन्या ड्रिल मशीनच्या किंवा फोनच्या फुगलेल्या लिथियम बॅटऱ्या सापडल्या तर त्या दाबू नका, टोचू नका, चार्ज करू नका आणि रोजच्या कचऱ्यातही टाकू नका. ज्या ठेवायच्या आहेत त्या साधारण निम्म्या चार्ज करून, थंड आणि कोरड्या जागी, म्हणजे पुन्हा घरातच ठेवा.

एवढे झाले की पुढचा टप्पा सोपा आहे. गाद्यांविषयी फार विचार करू नका. गॅरेजमध्ये वर्षानुवर्षे पडलेल्या गादीत उंदरांनी घर केलेले असण्याची शक्यता मोठी असते, आणि ती पुन्हा कोणाच्या अंगाखाली घालण्याजोगी राहत नाही. लेंड्या दिसल्या तर त्या कोरड्या झाडू नका, कारण उडालेल्या धुळीबरोबर रोगजंतू नाकात जातात. हातमोजे आणि मास्क घालून जंतुनाशकाचे पाणी शिंपडा, पाचेक मिनिटे थांबा आणि ओल्या कागदाने टिपून घ्या. टायरच्या बाजूवर एक चार आकडी संख्या कोरलेली असते. २३१९ असेल तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनला आहे. दहा वर्षे उलटलेला टायर, त्यावरची नक्षी शाबूत दिसली तरी, गाडीला लावण्याच्या लायकीचा समजू नये. रंगाच्या डब्यांपैकी सध्या भिंतींवर जो रंग आहे तोच ठेवा आणि झाकणावर खोलीचे नाव, रंगाचा क्रमांक व वर्ष लिहा. पाण्यात मिसळणारा जुना रंग झाकण उघडून, मुलांपासून दूर, पूर्ण वाळू दिला की त्याची विल्हेवाट लावणे सोपे जाते.

मुलीची सायकल हा तुमचा निर्णय नाही. एक फोटो काढून तिला पाठवा आणि विचारा. आपल्या मुलांना हव्या असतील म्हणून आपण ज्या वस्तू सांभाळतो, त्यांतल्या कितीतरी मुलांच्या आठवणीतही नसतात, आणि उलट एखादी वस्तू आपण क्षुल्लक समजून देतो तिच्यासाठी मुले पुढे हळहळतात. विचारणे हा एकच मार्ग आहे. तिला उत्तरासाठी एक तारीख द्या. मुलीची लहानपणीची गाडीतली खुर्ची किंवा हेल्मेट सापडले तर मात्र नातवासाठी वापरण्याचा मोह टाळा. वर्षानुवर्षे उन्हात आणि उष्णतेत राहिलेले प्लास्टिक ठिसूळ होते, आणि अपघातात एकदा धक्का बसलेली अशी वस्तू बाहेरून धडधाकट दिसली तरी पुन्हा वापरू नये.

आता तुमच्या पत्नीविषयी. ‘तिला कसे समजवावे’ असे तुम्ही विचारता, तेव्हा तिला हे सगळे कळत नाही असे तुम्ही आधीच धरलेले असते. मला पत्रातून दिसलेले चित्र निराळे आहे. दोन सुट्ट्या धुळीत गेल्या, संध्याकाळी काहीच बदललेले नव्हते, आणि आता एक लहान मूल घरात येणार आहे. अशा वेळी ‘टेम्पो बोलवा’ हे वैतागाचे वाक्य असू शकते, काळजीचेही असू शकते, ते मत असेलच असे नाही. शिवाय एक गोष्ट तुमच्या नजरेतून निसटली असावी. तुमचे वडील तुमच्या पत्नीचे सासरे होते आणि त्याच घरात तिचीही वर्षे त्यांच्यासोबत गेली आहेत. त्या कोपऱ्यातल्या कोणत्या वस्तूशी तिची आठवण जोडलेली आहे, हे तुम्ही कधी विचारले आहे का? समजावण्याऐवजी एवढेच विचारा, ‘यातल्या तीन गोष्टी ठेवायच्या झाल्या तर तू कोणत्या ठेवशील?’ तिचे उत्तर तुमच्या अंदाजापेक्षा वेगळे निघाले तर मला आश्चर्य वाटणार नाही. आणि तिच्या जागी असलेल्या वाचकांनाही मी कळकळीने सांगेन की घरातला माणूस बाहेर गेलेला असताना त्याच्या वस्तू परस्पर देऊन टाकू नका. मोकळी झालेली जागा पुन्हा भरता येते, पण त्या दिवशी गेलेला विश्वास परत यायला फार वेळ लागतो.

आता ती पेटी. ती उघडताना एकटे बसू नका, आणि गॅरेजमध्येही बसू नका. ती उजेडात, मोकळ्या जागी आणा. घरात नेण्याआधी पेटीचे लाकूड नीट पाहा. बारीक भोके आणि त्याखाली पिठासारखी भुकटी दिसली तर लाकूड पोखरले गेले आहे, आणि अशी पेटी घरातल्या फर्निचरजवळ ठेवता येणार नाही. हत्यारांवरचा गंज पाहून खचू नका. वरवरचा गंज बारीक तारेच्या काथ्याने आणि थोड्या तेलाने निघतो. पोलाद पुसून कोरडे केल्यावर त्यावर पातळ तेलाचा हात फिरवला की ते पुन्हा टिकते. लाकडी मुठींना जवसाचे तेल चालते, फक्त चिंध्यांविषयी वर लिहिलेले विसरू नका. प्रत्येक हत्यार हातात घेऊन पुसताना तुम्हाला आपोआप कळू लागेल की वडिलांच्या हाताने कोणती मूठ गुळगुळीत झालेली आहे आणि कोणते हत्यार विकत आणल्यापासून जवळजवळ वापरलेच गेले नाही. ही निवड यादी करून होत नाही, अशीच होते.

अपमानाच्या प्रश्नावर माझे मत मी स्पष्टच सांगतो. तुम्ही लिहिले आहे की वडिलांनी पेटीच्या प्रत्येक कप्प्यावर हत्यारांची नावे स्वतःच्या अक्षरात लिहिली होती. वस्तू जागच्या जागी आणि वापरण्याजोगी ठेवणाऱ्या माणसाच्या हत्यारांची जागा ओलसर कोपऱ्यात आहे, असे मला वाटत नाही. जी तीन-चार तुम्हाला स्वतःजवळ हवीत ती घरात आणा. उरलेली, साफ करून, धार लावून, लाकडाचे काम शिकणाऱ्या किंवा करणाऱ्या एखाद्याला द्या, आणि ती कोणाची होती हेही त्याला सांगा. एखाद्या वस्तूबद्दल अजिबात ठरत नसेल तर घाई करू नका. अशांसाठी एकच पेटी ठेवा, तिच्यावर सहा महिन्यांनंतरची तारीख लिहा आणि त्या दिवशी ती उघडा. दुसरी पेटी मात्र करू नका. कागदपत्रे आणि फोटो यांच्यासाठी ही मुदत नाही, ते आजच घरात, आतल्या भिंतीलगतच्या कपाटात आले पाहिजेत. चिकटलेले फोटो ओढून सोडवू नका.

हे सारे झाल्यावर जे उरेल त्याचे माप घ्या आणि मग मांडणी विकत घ्या. ती लोखंडी असावी, भिंतीला बोल्टने घट्ट बसवलेली असावी, आणि खालची फळी जमिनीपासून निदान १५ सेंटिमीटर उंच असावी, म्हणजे पाणी शिरले तरी वस्तू भिजणार नाहीत आणि खालून झाडताही येईल. जड वस्तू खाली, हलक्या वर. मोकळी उभी मांडणी मुलाने पायऱ्यांसारखी चढायला घेतली की अंगावर येते, म्हणून बोल्टच्या बाबतीत तडजोड करू नका. पुठ्ठ्याची खोकी वापरू नका. पुठ्ठा ओल शोषतो आणि कसर व वाळवी त्यावरच पोसतात. झाकणाच्या पारदर्शक प्लास्टिकच्या पेट्या घ्या, पण आत ठेवायची वस्तू पूर्ण कोरडी असल्याशिवाय झाकण लावू नका, नाहीतर ओल आत कोंडून बुरशी लवकर धरेल. नाव झाकणावर न लिहिता पुढच्या बाजूला लिहा, कारण पेट्यांवर पेट्या चढल्या की झाकण दिसत नाही. विजेच्या बोर्डासमोर आणि गिझरभोवती साधारण एक मीटर जागा मोकळी सोडा. अग्निशामक नळकांडे दाराजवळ लावा. रसायनांच्या कपाटाशेजारी लावले तर आग लागल्यावर नेमके तिथपर्यंतच जाता येणार नाही.

गाडी पुन्हा आत उभी राहू लागली की आणखी एक पथ्य पाळावे लागेल. आत इंजिन चालू करून ठेवू नका, गॅरेजचे दार उघडे असले तरीही नाही. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला रंग नसतो, वास नसतो, आणि गॅरेजमधून घरात उघडणाऱ्या दाराच्या फटीतून तो झोपण्याच्या खोलीपर्यंत जाऊ शकतो. घरात त्याचा इशारा देणारे यंत्र बसवून घेतले तर उत्तमच.

वडिलांचा रंधा तुम्ही घरात आणाल असे मी गृहीत धरतो. त्याचे पाते आत ओढून घ्या, तळाला तेलाचा हात फिरवा आणि तो तुम्हाला रोज दिसेल पण नातवाचा हात पोहोचणार नाही, अशा उंचीवर ठेवा.